अर्पणाच्या मेजावरचे कागद

माउंट नेबो चर्चमध्ये दानाचं ताट बाकांवरून फिरत नाही, माणसंच उठून ताटाकडे जातात. तिथली ती जुनी रीत. प्रवचन संपत आलेलं असतं. रेव्हरंड क्लिओथा बॅनिंग यांचं बोलणं तोवर बोलणं उरलेलं नसतं, त्याचं गाणं झालेलं असतं. एक ओळ ते टाकतात, ती ऑर्गन झेलतो, आणि मधल्या श्वासात सगळी मंडळी "हो, देवा!" म्हणतात. अशा भरल्या गळ्यानं, डोळे पुसत, डोलत एकेक बाक उठतो, वेदीपुढच्या मेजाला वळसा घालतो, ताटात जमेल ते टाकतो आणि जागेवर परततो. तेव्हा कुणी खिशाकडे बघत नाही. माणूस मनाची दारं सताड उघडी टाकून चाललेला असतो. आणि उघड्या दाराची चोराला फार आवड.

त्या रविवारी मेजावर ताटाशेजारी कागदांची चळत होती.

चर्चमध्ये रांगा लावणाऱ्या बायका पांढरे हातमोजे घालतात. त्यांची प्रमुख व्हर्लीन टॉलिव्हर. वय त्रेसष्ट. टकर्स लँडिंग गावच्या बंधाऱ्यालगत तिचं माशांचं दुकान. मिसिसिपी नदीचा बफेलो मासा बर्फात मांडलेला, आणि शुक्रवारी मक्याच्या पिठात घोळवून तळलेला कॅटफिश, सोबत पावाचे दोन तुकडे आणि तिखट सॉस. एकतीस वर्षं तिनं हे एकटीनं चालवलं होतं. गावात रोकड कमी आणि कार्डं जास्त, म्हणून कार्डाचं मशीनही लवकर बसवलं होतं.

त्या दिवशी डीकन पर्विस हॅस्क्यू घोषणा करायला उभे राहिले होते. चर्चचे सर्वांत जुने सेवक, गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान, आणि आवाज असा की तळघरात ठेवला तरी छपरावर ऐकू यावा.

"धंदेवाल्या भावाबहिणींनो," ते म्हणाले, "कार्डवाल्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं आपल्या प्रत्येक विक्रीतून जास्तीचे पैसे कापले. दुकानदार कोर्टात गेले. आता कंपन्यांना त्यातले काही परत द्यावे लागतायत. ते मिळवून द्यायला हार्वेस्ट रिकव्हरी कंपनीचे हे प्रेविट साहेब खास आपल्याकडे आलेत. यांनीच आपल्या ऑर्गनच्या दुरुस्तीला पाचशे डॉलर दिलेत! मेजावर कागद आहेत. सही करा, बाकीचं साहेब बघतील. देव दार उघडतो तेव्हा उंबऱ्यावर बसून चौकशा करू नयेत."

ऑर्गन ईस्टरपासून मुका होता. चार महिने रेव्हरंडांचं प्रवचन कोरड्या भाकरीसारखं झालं होतं. ते सूर लावायचे आणि सूर झेलायला कोणी नसायचं. त्या दिवशी ऑर्गन वाजवणाऱ्या ब्रदर टायरीनं पहिला स्वर दाबला आणि लाकडी भिंती गुणगुणल्या. व्हर्लीन तर ढसाढसा रडली. गायलेलं प्रवचन हा तिचा जीव. आठवडाभर माशांच्या खवल्यांत हात बुडवून ती रविवारच्या त्या अर्ध्या तासासाठी जगायची.

आणि त्याच भरात तिनं पेनं वाटली. पांढऱ्या हातमोज्यांनी. "घे गं, सही कर. तुझेच पैसे आहेत." "रॉस्को, थांबलास काय? मागे रांग आहे." ऑर्गन वाजत होता, माणसं गात होती, गाता गाता वाकत होती आणि सही करून पुढे सरकत होती. न्हाव्यानं केली, टायरवाल्यानं केली, अंत्यविधीवाल्यानं केली, व्हर्लीननं स्वतः केली. गावातल्या अकरा दुकानदारांनी केली. बाराव्या मिस यूला मे स्ट्रोदर. त्यांचं बायकांच्या केशरचनेचं दुकान चाळीस वर्षांचं, पण आता त्या अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्याकडे डीकन स्वतः कागद घेऊन गेले.

कागद कुणी वाचला नाही. वाचायला तिथं कोण थांबणार? देवापुढे चालता चालता कोणी करारनामा वाचतं का?

सहा आठवड्यांनी, मंगळवारी, व्हर्लीनच्या दुकानात टपालानं एक लिफाफा आला. या दाव्यांसाठी कोर्टानं नेमलेल्या कचेरीचा. तेल तापेपर्यंत तिनं तो फोडला. आत एक पानी फॉर्म, त्यावर तिच्या दुकानाचं नाव आधीच छापलेलं. आणि खाली ठळक अक्षरांत: दावा करायला एक पैसाही लागत नाही. कुणाला मधे घालायची गरज नाही.

तिनं ते वाक्य दोनदा वाचलं. मग गॅस बंद केला आणि दिलेल्या नंबरावर फोन लावला.

पलीकडे एक तरुण बाई होती, आवाजानं मऊ. तिनं कर-क्रमांक विचारला आणि जरा वेळानं म्हणाली, "मॅडम, तुमच्या क्रमांकावर आधीच दावा नोंदलेला दिसतोय. हार्वेस्ट रिकव्हरीनं, तुमच्या वतीनं. करारानुसार चाळीस टक्के त्यांचे."

"चाळीस? शंभरातले?"

"हो, मॅडम."

"आणि त्या चाळीस टक्क्यांत ते करणार काय?"

"फॉर्म भरणार."

"कुठला फॉर्म?"

"तुमच्या हातात आहे तोच, मॅडम."

व्हर्लीननं हातातल्या कागदाकडे बघितलं. नाव, पत्ता, कर-क्रमांक, सही. "अहो, हा भरायला लागतो किती वेळ?"

"वाचता येत असेल तर दहा मिनिटं. तुमच्या मशीनवरच्या व्यवहारांचे आकडे आमच्याकडे आलेलेच असतात. तुम्ही फक्त 'मीच ती' एवढं सांगायचं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते व्हर्लीनला त्या घडीला कळलं. दहा डॉलरची थाळी विकली की पाव डॉलर कार्डवाल्यांचा. मासा तिनं धरवून आणला, तिनं सोलला, तिनं तळला, हाताला फोड आले ते तिच्या. त्यांनी काय केलं, तर एक तार जोडली. ते कापतात हे तिनं इतकी वर्षं पावसासारखं सोसलं होतं. आता कुणीतरी कोर्टात भांडून त्यातलं चिमूटभर परत आणलं, तर वाटेत हा आयत्या बिळावरचा नागोबा फणा काढून बसलेला!

"किती मिळणार आहेत मला?" तिनं विचारलं.

"नेमकं आत्ता कुणीच सांगू शकत नाही. किती दुकानदार दावा करतात त्यावर आहे. तुमच्यासारख्या दुकानाला काहीशे डॉलर, मॅडम. फार मोठी आशा धरू नका."

"आशा नाही धरत, बाई. माझं आहे तेवढंच धरते. आता यातून सुटायचं कसं?"

बाईनं सांगितलं आणि व्हर्लीननं ते मासे गुंडाळायच्या कागदावर लिहून घेतलं. हार्वेस्टला दिलेला अधिकार मी काढून घेते, असं स्वतःच्या शब्दांत पत्र. दुकानाचं नाव, कर-क्रमांक, सही. सोबत आपला आपण भरलेला फॉर्म. दोन्ही एका लिफाफ्यात, आणि त्यावर पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंतचा टपालाचा शिक्का हवा. नंतर दावे बंद.

"माझ्यासारखे आणखी अकरा आहेत," व्हर्लीन म्हणाली. "त्यांचीही पत्रं मीच लिहून टाकते."

"नाही, मॅडम. ज्याचं दुकान त्याची सही. दुसऱ्यानं केलेली चालत नाही."

व्हर्लीननं पेन खाली ठेवलं. तिचं एकटीचं काम दहा मिनिटांचं होतं. पण पेनं तिनं वाटली होती.

दुपारी ती रॉस्को पेटवेच्या केशकर्तनालयात गेली. रॉस्को एकाची दाढी करत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, वस्तरा पुसला.

"सिस्टर, रागावू नकोस. पण डीकननं चर्चमध्ये सांगितलं. आणि पेन माझ्या हातात कुणी दिलं? तूच."

"म्हणूनच तर आलेय, मेल्या."

"चर्चमध्ये सांगितलेलं चर्चमध्येच परत घेतात. इथं दुकानात बसून सांगितलं तर ती चहाडी होते. उद्या डीकन म्हणेल, बायका दुकानोदुकानी फिरून माझी बदनामी करतायत. मी काय करू?"

टायरवाल्यानंही तेच ऐकवलं, थोडं कमी गोडीनं. मग व्हर्लीन सरळ डीकनच्या दुकानात शिरली. पर्विस आणि ती एका शाळेत, एका बाकावर शिकलेले. लोकांपुढे ती त्यांना अहोजाहो करायची, एकटं गाठलं की नाही.

"पर्विस, कागद वाचला होतास का?"

डीकन एका उघड्या इंजिनावर वाकले होते. "सिस्टर, चांगला सुशिक्षित माणूस. सूट घालून आलेला…"

"सूट काय, आपल्या गावात मेलेल्यालाही घालतात."

"शंभरातले साठ मिळतायत ना? काहीच मिळत नव्हते. त्यापेक्षा साठ बरे."

"माझ्या ताटातला मासा अर्धामुर्धा उचलून न्यायचा आणि उरला त्याबद्दल माझ्याकडूनच आभार मानून घ्यायचे! तुला किती मिळाले?"

"मला काय मिळायचंय?"

"पर्विस."

डीकननी पाना खाली ठेवला. "सहीमागे पंचवीस. त्याला ते 'ओळखीचा मेहनताना' म्हणतात. रीतसर असतं ते, व्हर्लीन. आणि मी स्वतःचीही सही केलीय, समजलं? माझेही चाळीस टक्के गेले!"

"म्हणजे स्वतःलाही विकलंस. तेही पंचवीस डॉलरला."

"चर्चची गोष्ट आहे," डीकन खालच्या आवाजात म्हणाले, "ती चर्चमध्येच राहू दे."

"राहू दे म्हणतोस? तिथंच सांगणार आहे."

बुधवारी ती रेव्हरंड बॅनिंग यांच्याकडे गेली. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, डोळे मिटून सगळं ऐकलं.

"सिस्टर व्हर्लीन," ते शेवटी म्हणाले, "ऑर्गन बंद होता ते दिवस आठवतात? माझा आवाज विहिरीत पडल्यासारखा व्हायचा. तरणी पोरं निम्मी निघून गेली होती. ते पाचशे डॉलर आले म्हणून… हे लोकांत काढलं तर चर्च दुभंगेल. थोडं थांबू. पुढच्या आठवड्याअखेर मी डीकनना शांतपणे…"

"शुक्रवारी दावे बंद होतात, रेव्हरंड. मग काय वरातीमागून घोडं नाचवायचं?"

"मला विचार करू दे."

"करा. पण घड्याळ समोर ठेवून करा."

बाहेर पडताना दार आपटू नये याची तिनं फार काळजी घेतली. ज्या माणसाच्या सुरांवर तिनं आयुष्य तोलून धरलं होतं तो माणूस घाबरलेला बघणं, हे तिला चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त लागलं. घरी येऊन तिनं देवाला सरळ विचारलं, "तुझा सूर यांच्या पैशानं लागायचा होता का रे?"  मग रविवारी अनुभव सांगायची वेळ असते, हे तिला आठवलं.

माउंट नेबोत उपासनेची सुरुवात डीकन मंडळी करतात. आधी एक जुनं स्तोत्र. डीकन एक ओळ भरभर म्हणतात आणि मंडळी तीच ओळ संथपणे लांबवत ओढतात. मग प्रार्थना. मग ज्याला देवानं केलेल्या उपकाराचा अनुभव सांगायचा असेल त्यानं उभं राहावं. उभ्या राहिलेल्याला कुणी 'बस' म्हणत नाही. फार लांबलंच तर एकच उपाय: कुणीतरी गाणं सुरू करायचं, मंडळींनी ते उचलायचं, आणि बोलणाऱ्यानं समजून खाली बसायचं.

व्हर्लीन उभी राहिली.

"देवाला मान देऊन, व्यासपीठावरच्या रेव्हरंडांना, डीकन मंडळींना, मातांना आणि सगळ्या भावाबहिणींना मान देऊन," तिनं रीतीप्रमाणे सुरुवात केली. "देवानं मला मंगळवारी एक पत्र पाठवलं."

"हो का, सिस्टर!" मागून कुणीतरी म्हणालं.

"त्यात लिहिलं होतं, जे तुझं आहे ते फुकट मिळतं. आणि मला कळलं, की सहा आठवड्यांपूर्वी मी या मेजापाशी उभी राहून तुम्हाला पेनं वाटली, तेव्हा तुमच्या घामातल्या चाळीस टक्क्यांवर मी तुम्हाला तुमच्याच हातानं पाणी सोडायला लावलं."

सभेतून एक वारं गेलं. डीकन पर्विस उठले. त्यांनी घसा खाकरला आणि आपल्या त्या तळघरातून छपरावर जाणाऱ्या आवाजात स्तोत्राची एक ओळ टाकली.

रीतीप्रमाणे मंडळींनी ती उचलायची होती. व्हर्लीन उभीच राहिली. ओळ वर गेली, तुळयांना लागली आणि तिथंच लोंबकळत राहिली. डीकननी दुसरी ओळ टाकली, मोठ्यानं. नजर टायरीकडे, म्हणजे वाजव. टायरीनं हात पट्ट्यांवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

पहिल्या बाकावर, जिथं चर्चच्या ज्येष्ठ बायका म्हणजे 'माता' बसतात, मदर झेनोबिया क्रंप बसल्या होत्या. वय एक्याण्णव, डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा पोशाख, आणि सगळ्या चर्चला त्यांचा धाक. त्या मागे वळल्यासुद्धा नाहीत.

"पर्विस," त्या म्हणाल्या, "गाणं कुठं पळून जात नाही. पोरीला बोलू दे."

डीकन खाली बसले.

"मी वाचलं नाही!" व्हर्लीन म्हणाली. "माझी पहिली चूक ती. देवाच्या मेजावर ठेवलंय म्हणजे देवाचंच असणार, असं मानलं!"

"मानलं, सिस्टर, आम्हीही मानलं!"

"कार्डवाल्यानं घेतलं आपल्या ताटातून—"

"घेतलं!"

"आणि परत द्यायची वेळ आली तेव्हा हा साहेब मधे वाटी घेऊन बसला—"

"बसला, देवा!"

"भुकेल्यासाठी नाही मागितली त्यानं भाकरी, भुकेल्याच्या हातातली मागितली!"

बोलणं गाण्यात कधी शिरलं ते तिला कळलं नाही. गळा आपसूक वर चढला, श्वास आखूड झाला, आणि ओळीच्या शेवटी तो हुंकार आला जो ती चाळीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडून ऐकत आली होती. टायरी हात मांडीवरच ठेवून होता. पण माता आता पायांनी फळ्यांवर ठेका देत होत्या.

"घरी टपाल आलंय, बघा! दुकानाचं नाव लिहा!"

"लिहा!"

"कर-क्रमांक लिहा! हार्वेस्टला दिलेला अधिकार मी काढून घेते, असं लिहा!"

"काढून घेते!"

"आणि तुझ्या नावाची सही, भावा, तूच कर! माझ्या नावाची मीच करीन! देवानं प्रत्येकाला आपापला हात दिलाय—"

"दिलाय, सिस्टर, दिलाय!"

"—शुक्रवारच्या आत!" ती म्हणाली आणि धपकन बसली.

रेव्हरंड बॅनिंग व्यासपीठावरून खाली उतरले.  "ते पाचशे डॉलर मी घेतले," ते म्हणाले. "सिस्टर माझ्याकडे बुधवारी आली होती. मी तिला थांब म्हणालो. ते पैसे उद्या परत जातील. माझ्या पगारातून." त्या दिवशी त्यांनी पुढे प्रवचन केलं नाही. म्हणाले, "आज ते झालं."

दुपारी चर्चच्या स्वयंपाकघरात, पातेली बाजूला सारून, दहा दुकानदारांनी टपालानं आलेले फॉर्म भरले आणि दहा पत्रं लिहिली. व्हर्लीन फळ्यावर नमुना लिहून देत होती आणि कुणालाही पेन देत नव्हती. "आपापलं आणा," ती म्हणायची. रॉस्को हसून म्हणाला, "आता ही आम्हाला चमचासुद्धा द्यायची नाही." दहा लिफाफे सोमवारी पोस्टात गेले.

राहिले दोन. डीकन पर्विस बाजूच्या दारानं कधी गेले ते कुणी पाहिलं नव्हतं. आणि मिस यूला मे.

सोमवारी व्हर्लीन त्यांच्याकडे गेली. म्हातारी उशीला टेकून बसली होती, हात थरथरणारे, नजर मात्र कात्रीसारखी.

"सगळं ऐकलंय मी," त्या म्हणाल्या. "पण पर्विस दर शनिवारी माझी औषधं आणतो. नऊ वर्षं. तू काय आणलंस? एक मासा, तोही दोन वर्षांपूर्वी. त्यानं तोंडानं सांगितल्याशिवाय मी त्याच्याविरुद्ध सही करणार नाही."

"मिस यूला मे, त्याच्याविरुद्ध नाही, तुमच्याच बाजूनं…"

"मला नको शिकवू. मी तुझे केस विंचरलेत, माझं दुकानही नव्हतं तेव्हा, आणि तुला बोलताही येत नव्हतं."

मंगळवार गेला. बुधवार, गुरुवार गेला. व्हर्लीननं डीकनला निरोप धाडले. दुकानाला कुलूप होतं. तिला त्या म्हातारीचे पैसे दिसत होते. चाळीस वर्षं उभ्यानं दुसऱ्यांची डोकी सांभाळून पाय गेलेल्या बाईच्या टाळूवरचं लोणी प्रेविट साहेब खाणार, आणि ते वाढलं कुणी, तर व्हर्लीननं रांग लावलेल्या चर्चनं. रात्री अंथरुणावर ती रागानं कूस बदलायची. देवापुढे राग धरणं पाप, हे तिला ठाऊक होतं. पण हा राग तिला देवानंच दिल्यासारखा वाटत होता.

शुक्रवारी दुकानात थाळ्यांसाठी रांग लागलेली. तीन वाजून गेले असतील. दार उघडलं आणि रांगेतली कुजबुज बंद पडली. डीकन पर्विस हॅट हातात घेऊन उभे होते.

"मासा हवा असेल तर रांगेत ये," व्हर्लीन म्हणाली.

"मला पत्र लिहायचंय. फॉर्म भरून आणलाय."

"नमुना फळ्यावर होता. तू दारातून पळालास."

"पळालो." त्यांनी हॅट फिरवली. "व्हर्लीन, तुला वाटतं मला लाज नाही? पंचवीस गुणिले अकरा. त्यातून गाडीचा हप्ता भरला. परत द्यायला आज माझ्याजवळ नाहीत."

"ते पैसे मी मागत नाहीये. यूला मेचे मागतेय. त्या तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय सही करत नाहीत. पोस्ट साडेचारला बंद होतं."

डीकननी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"तुला मोठ्यानं बोलता येतं ना, पर्विस? मग आज एका म्हातारीपुढे हळू बोलून दाखव."

व्हर्लीननं एप्रन काढून रांगेतल्या रॉस्कोच्या गळ्यात अडकवला. "तेल काळं पडू देऊ नकोस," म्हणाली आणि डीकनच्या ट्रकमध्ये जाऊन बसली. 

मिस यूला मेच्या पलंगाशी डीकन गुडघ्यावर बसले. खुर्ची होती, पण त्यांना सुचलं नाही.

"मिस यूला मे, तो कागद चांगला नव्हता. मी वाचला नव्हता. तुमच्या सहीचे मी पंचवीस डॉलर घेतले."

म्हातारीनं उशीवरून मान उचलली. "शनिवारी औषधं आणायचास, तेव्हा त्याचेही काही घ्यायचास का?"

"नाही! देवाशपथ नाही!"

"मग तेवढा तू खरा. बाकीचा गाढव." त्यांनी हात पुढे केला. "दे कागद. व्हर्लीन, माझा हात धर. धर म्हणजे नुसता धर, सही माझी मी करते."

व्हर्लीननं मनगटाखाली तळहात ठेवला. पेन कागदावर ओढत गेलं, थांबलं, पुन्हा निघालं. एकदा पत्रावर, एकदा फॉर्मवर, एकेका नावाला पाच मिनिटं लागली. त्याच पलंगाच्या कडेवर डीकननी आपलंही पत्र लिहिलं. शब्द विचारले नाहीत, स्वतःचे लिहिले. आणि ते व्हर्लीनच्या नमुन्यापेक्षा बरेच कडक होते.

चार वाजून बावीस मिनिटांनी ते पोस्टात पोचले. खिडकीवरच्या बाईनं दोन्ही लिफाफे तोलले, नोंदणीच्या चिठ्ठ्या लावल्या. डीकननी खिशातून चुरगळलेल्या नोटा काढून पैसे भरले. शिक्का दोनदा आपटला. बाहेरच्या पायरीवर येऊन दोघं उभे राहिले.

किती पैसे येतील, कधी येतील, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्ष लागेल, दोन लागतील, आणि जे येईल त्यात एक नवं पातेलंही नीट येणार नाही कदाचित. पण जे काही निघेल ते ज्याच्या त्याच्या नावावर निघेल, प्रेविटच्या नाही.

"सिस्टर," डीकन म्हणाले, "मला माफ केलंस?"

व्हर्लीननं नदीकडे बघितलं. खोटं बोलणं तिला जमणार नव्हतं, आणि त्यांनी म्हातारीपुढे टेकलेले गुडघेही तिला विसरता येत नव्हते.

"देवानं केलं असेल एव्हाना. त्याचा हात सढळ," ती म्हणाली. "मला वेळ लागेल, पर्विस. येत्या रविवारी तू उभा राहा. सगळ्या मंडळींपुढे ते पंचवीस स्वतःच्या तोंडानं सांग, आणि कधी परत करणार तेही सांग. मग बघू." ती पायऱ्या उतरू लागली. "आता चल लवकर. रॉस्कोनं माझे मासे करपवले असतील."